पाच वर्षांचा हिशेब

संगणकशास्त्रात पीएच.डी. करायची म्हणजे नेमकं काय काय लागतं, असं गेल्या दोन-तीन वर्षांत मला बऱ्याच घरांतून विचारलं गेलं. विचारणारे बहुतेक मुलींचे वालिद असतात, कधी आई. एकदा तर एका मुलीच्या होणाऱ्या सासूबाईच आल्या होत्या. मी हायस्कूलमध्ये उर्दू आणि मराठी शिकवते. माझं स्वतःचं शिक्षण बी.एड.पर्यंत, आणि संगणकाशी संबंध सरल पोर्टलवर मुलांची माहिती भरण्यापुरता. तरी लोक माझ्याकडे येतात, कारण माझ्या भावाची मुलगी पुण्यात ही पदवी करते आहे आणि तिच्या प्रवेशाच्या वेळची सगळी चौकशी घरच्यांनी माझ्यावर सोपवली होती. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून काढावं, म्हणून हा लेख.

भाईजान सोलापुरात यंत्रमागाचे सुटे भाग विकतात. भाची एम.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स चांगल्या गुणांनी पास झाली तेव्हा पुण्यातल्या एका कंपनीचं नोकरीचं पत्र तिच्या हातात होतं. त्याच महिन्यात हैदराबादहून एक रिश्ता आला होता, मुलगा इंजिनिअर, घराणं ओळखीचं. तिसरी गोष्ट तिने स्वतः काढली, मला पीएच.डी. करायची आहे. भाईजाननी आवाज चढवला नाही. दुकानाची वही उघडून बसावं तसे बसले आणि मला म्हणाले, "तू टीचर है, तूच मालूम कर. कित्ते साल, कित्ता पैसा, और बीच में शादी हुई तो कैसा."

मला हे तिन्ही प्रश्न रास्त वाटले. आपल्याकडे मुलींच्या तालीमवर भाषण करणारे पुष्कळ भेटतात, असा हिशेब विचारणारा बाप क्वचित. मी यूजीसीची नियमावलीच मागवून घेतली आणि दोन रविवार बसून वाचली. ७ नोव्हेंबर २०२२ ला नवे नियम निघाले, त्यांनी आधीच्या २०१६ च्या नियमांची जागा घेतली आणि एम.फिल. कायमची बंद केली. म्हणजे "आधी एम.फिल., मग पीएच.डी." हा आमच्या पिढीने ऐकलेला सल्ला आता निकामी झाला.

पात्रतेचं सांगते. दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी आणि तीत निदान ५५ टक्के गुण. मागासवर्गीय, नॉन-क्रीमीलेअर ओबीसी, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल घटकांना यात ५ टक्क्यांची सूट आहे. चार वर्षांची नवी पदवी घेतलेल्याला ७५ टक्के असतील तर एम.एस्सी. न करताही अर्ज करता येतो. आयआयटीसारख्या संस्थांचे नियम त्यांचे स्वतःचे, पण ढाचा असाच. तिथे बहुतेक ठिकाणी गेट परीक्षेचा स्कोअर मागतात. गेट म्हणजे तीन तासांत ६५ प्रश्न, १०० गुण, आणि स्कोअर तीन वर्षं चालतो.

विद्यापीठात जायचं तर नेट. विषयाचं नाव 'कॉम्प्युटर सायन्स अँड अॅप्लिकेशन्स'. तीन तासांत १५० प्रश्न, गुण ३००, उत्तर चुकलं तर गुण कापत नाहीत. पहिल्या भागात शिकवण्याची आणि संशोधनाची समज तपासतात. तो भाग बघून मी भाचीला म्हटलं, हे तर आमचं बी.एड. आहे, यात मी तुला हरवीन. परीक्षेला बसलेल्यांपैकी साधारण १०० तले ६ जण पास ठरवले जातात, आणि त्यातल्या वरच्या थोड्यांना जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठी दरमहा पैसे. भाचीला पहिल्या वेळी नेट मिळाली, जेआरएफ हुकली. सहा महिने ती घरात बसून पुन्हा अभ्यास करत होती, आणि ते सहा महिने घरात सगळ्यांत अवघड गेले. नोकरीचं पत्र परत गेलं होतं, नात्यातले लोक येऊन "अब क्या करती?" विचारत होते. दुसऱ्या वेळी जेआरएफ आली. २०२४ पासून नियम आणखी बदलला आहे. आता नेटचाच निकाल पीएच.डी. प्रवेशालाही धरतात आणि जेआरएफ नसलेल्यांसाठी नेटच्या गुणांना ७० टक्के, मुलाखतीला ३० टक्के वजन असतं. प्रवेशापुरता तो निकाल एकच वर्ष चालतो, हे लक्षात ठेवा. निकाल कपाटात ठेवून दोन वर्षांनी बाहेर काढला तर उपयोग नाही.

आता पैसा. जेआरएफला पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० रुपये, मग काम समाधानकारक असेल तर ४२,०००. हे दर १ जानेवारी २०२३ पासूनचे. वसतिगृह नसेल तर घरभाडं वेगळं. एकूण पाच वर्षं. वयाची अट ३० ची, पण मुलींना त्यात पाच वर्षांची सूट. भाईजाननी हे ऐकलं तेव्हा पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण थोडा सैल झाला. पीएच.डी. म्हणजे पाच वर्षं फी भरत राहायची, असं त्यांना वाटत होतं. चांगल्या संस्थेत, पूर्ण वेळ, फेलोशिप घेऊन करणारा विद्यार्थी घरून पैसे आणत नाही, उलट थोडे पाठवूही शकतो. आयआयटी आणि तशाच संस्थांमध्ये पंतप्रधान संशोधन फेलोशिप मिळाली तर सुरुवात महिन्याला ७०,००० ची, शेवटच्या वर्षांत ८०,०००. ती मिळवणारे थोडे, पण आहे हे माहीत असावं.

जे गेलं तेही सांगायला हवं. अल्पसंख्याक समाजातल्या संशोधकांसाठी २००९ साली सुरू झालेली मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप २०२२-२३ पासून बंद झाली. ती दुसऱ्या योजनांवर पडते, असं सरकारचं म्हणणं. मुसलमानांबरोबर बौद्ध, ख्रिश्चन, शीख, जैन, पारशी मुलांनाही ती मिळायची. जेआरएफ थोडक्यात हुकलेल्या आमच्याकडच्या मुलींना तोच दुसरा दरवाजा होता. दुसऱ्या योजना आहेत हे खरं, पण त्या सगळ्या आपल्याला लागू होतातच असं नाही. एक मात्र होते आणि बहुतेक घरांना ती माहीत नसते. बागवान, अत्तार, तांबोळी, मोमीन, पिंजारी अशा आपल्या कितीतरी जमाती महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत आहेत, आणि ओबीसींसाठी 'महाज्योती'ची पीएच.डी. फेलोशिप आहे. त्यासाठी जातीचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेअर हातात लागतं. दहावीनंतरच हे दाखले काढून ठेवा, असं मी शाळेत प्रत्येक पालकसभेत सांगते. निम्मे पालक मान हलवतात आणि विसरतात.

एवढं सगळं प्रवेशाचं. पण पदवी प्रवेशाने मिळत नाही. ती कशाने मिळते, हे समजायला मला जास्त वेळ लागला.

आजवर आपण ज्या परीक्षा दिल्या त्यांत उत्तर कुणाला तरी माहीत होतं. पेपर काढणाऱ्याला तर होतंच. पीएच.डी.त प्रश्न असा घ्यायचा की ज्याचं उत्तर अजून कुणाकडेच नाही, आणि ते आपण शोधून, शोधलं हे दुसऱ्या जाणकारांना पटवून द्यायचं. संगणकशास्त्रातलं आपल्याच देशातलं उदाहरण भाचीने मला दिलं. एखादी संख्या मूळ आहे की नाही, म्हणजे तिला एक आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही ना, हे सातवीतली मुलंही लहान संख्यांसाठी सांगतात. शेकडो अंकी संख्येसाठी हे झटपट आणि शंभर टक्के खात्रीने सांगण्याची रीत असते का, हा प्रश्न फार जुना. २००२ साली आयआयटी कानपूरचे मणिंद्र अग्रवाल आणि त्यांचे दोन विद्यार्थी नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी तशी रीत सिद्ध करून दाखवली. ते दोघे तेव्हा नुकतेच बी.टेक. झाले होते. जगभरच्या गणितज्ञांना हातात घेऊन तपासता आली अशी ती थोड्या पानांची मांडणी होती, आणि २००६ ला तिघांना गोडेल पारितोषिक मिळालं. भाची म्हणाली, "फुप्पी, सगळ्यांचं एवढं मोठं नसतं. माझी एक वीट असेल. पण वीट नवीन पाहिजे."

इथे मला आपल्या जलशांतली एक गोष्ट आठवते. गुणवंत मुलांचा सत्कार असला की कुणीतरी वक्ता अल्-ख्वारिज्मीचं नाव घेतोच. नवव्या शतकात बगदादला होऊन गेलेल्या त्या विद्वानाच्या नावावरून 'अल्गोरिदम' शब्द आला, त्याच्या किताबातल्या 'अल्-जब्र'वरून अल्जिब्रा. खरं आहे, आणि ऐकायला छान वाटतं. पण त्याच सभागृहात पुढच्या रांगेत बसलेल्या मुलीला नेटचा फॉर्म कधी निघतो, हे वक्त्याला माहीत नसतं. मला दोन्ही माहीत असलेला वक्ता हवा.

भाचीचा प्रश्न कसा ठरला ते सांगते, कारण तो ठरण्यातच तिचं जवळजवळ पूर्ण वर्ष गेलं. सुरुवातीला ती म्हणायची, उर्दूतून मराठीत भाषांतर करणारं यंत्र बनवीन. गाइड मॅडम म्हणाल्या, हे दहा माणसांचं आयुष्यभराचं काम आहे, लहान कर. मग ती लिपीवर आली. आपल्या कितीतरी घरांत मुलं मराठी माध्यमात शिकतात. घरी उर्दू-दखनी बोलतात, ऐकून सगळं समजतं, पण वाचता येत नाही. नानांची जुनी पत्रं पेटीत पडून असतात. ती देवनागरीत आली तर मुलं वाचतील. उर्दूतून देवनागरीत लिप्यंतर करणाऱ्या यंत्रणांवर पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठात बरंच काम झालेलं आहे. आधी झालेलं सगळं शोधून वाचायचं, हीसुद्धा पदवीची एक मोठी अट. ते वाचल्यावर कळतं, अडचण अजून कुठे शिल्लक आहे.

अडचण मला उर्दूची शिक्षिका म्हणून लगेच समजली. उर्दूत जेर, जबर, पेश सहसा लिहीत नाहीत. अलिफ आणि सीन एवढंच लिहिलं तर तो 'इस' आहे की 'उस', हे आजूबाजूचं वाक्य वाचूनच ठरवावं लागतं. तिसरीतलं मूल वाचताना अडखळतं ते इथेच. यंत्रही इथेच अडखळतं. शिवाय शब्दांमधली मोकळी जागा उर्दूत मराठीसारखी भरवशाची नसते, एक शब्द कुठे संपला हेही कधी शोधावं लागतं. आणि मजकूर दखनी असेल तर आणखी गोंधळ. 'कित्ते', 'हौ', 'नक्को' हे शब्द यंत्राने शिकलेल्या उर्दूत नसतातच. 'नक्को' तर आपल्या मराठी 'नको'तूनच आलेला. भाचीचा प्रश्न शेवटी असा ठरला: दखनी मजकूर उर्दू लिपीतून देवनागरीत आणताना यंत्र कुठे आणि का चुकतं, आणि मराठी शब्दांचा आधार दिला तर त्या चुका किती कमी होतात. मला तो एका ओळीत सांगता आला तेव्हा तिला फार आनंद झाला. गाइड मॅडम म्हणाल्या होत्या, घरातल्या माणसाला एका ओळीत सांगता येईपर्यंत विषय ठरला असं समजायचं नाही.

यात एक गोष्ट आम्हा शिक्षकांच्या फार ओळखीची निघाली. यंत्राला शिकवायला जो मजकूर दाखवतात, त्यावर त्याची परीक्षा घेत नाहीत. परीक्षेचा मजकूर आधीच बाजूला काढून ठेवतात, यंत्राला तो कधी दाखवत नाहीत. तो चुकून जरी शिकवण्यात मिसळला तर निकाल बाद, कारण ती कॉपी झाली. आमच्याकडे दहावीला भरारी पथक येतं, तिथे संशोधकाने स्वतःवरच पथक नेमायचं.

मधल्या पायऱ्या नियमात अशा आहेत. आधी कोर्सवर्क, निदान १२ क्रेडिटचं. त्यात संशोधन आणि प्रकाशनातल्या प्रामाणिकपणावरचा दोन क्रेडिटचा विषय सक्तीचा. ५५ टक्के मिळाल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मग विषयाचा आराखडा. त्यानंतर दर सहा महिन्यांनी सल्लागार समितीपुढे उभं राहून काय झालं, काय अडलं हे सांगायचं. आठवड्याला चार ते सहा तास शिकवण्याचं कामही देऊ शकतात. ते मला फार बरं वाटलं. आमच्या कॉलेजच्या दिवसांत पीएच.डी. झालेले एक सर फळ्याकडे तोंड करून बोलायचे आणि तास संपला की आम्ही एकमेकींना विचारायचो, आज काय होतं?

प्रबंध देण्याआधी शोधनिबंध छापून आलाच पाहिजे ही जुनी सक्ती २०२२ च्या नियमांत राहिली नाही. पण संगणकशास्त्रात तेवढ्याने सुटका होत नाही. या विषयात मासिकांपेक्षा परिषदांना मान जास्त. मोठ्या परिषदेत निबंध पाठवला की अनोळखी जाणकार तो तपासतात, आणि चार-पाचांत एक स्वीकारतात. भाचीचा पहिला निबंध परत आला तेव्हा तिने मला रात्री अकराला फोन केला. तपासणाऱ्याने तिला लिहिलं होतं की तुमची तुलना कमकुवत आहे, जुन्या पद्धतीला तुम्ही पुरेशी संधी दिलेली नाही. "बरोबरच लिहिलंय त्याने," ती म्हणाली, आणि तरी रडत होती. दोन दिवसांनी कामाला लागली. नकार येणं हे इथे नापास होणं नसतं, हे घरच्यांना समजावणं मला नेटचे नियम समजावण्यापेक्षा अवघड गेलं.

गाइड कोण मिळतो यावर बरंच अवलंबून आहे. प्रोफेसरकडे एका वेळी आठ, असोसिएटकडे सहा, असिस्टंटकडे चार विद्यार्थी, ही मर्यादा आहे. माझ्या ओळखीच्या एका मुलाचं पहिलं दीड वर्ष गाइडच्या घरची बँकेची, विम्याची कामं करण्यात गेलं. तो मुलगा शेवटी सोडून गेला. म्हणून प्रवेश घेण्याआधी त्या गाइडच्या जुन्या विद्यार्थ्यांना भेटा, त्यांना किती वर्षं लागली आणि ते आज कुठे आहेत ते विचारा. मुलगी असेल तर तिच्या हाताखाली शिकलेल्या मुलींना विचारा. आम्ही रिश्ता बघताना मुलाच्या मोहल्ल्यात चौकशी करतो की नाही? तेवढी तरी इथे करावी.

आता भाईजानचा तिसरा प्रश्न. नियम सांगतो: कोर्सवर्क धरून कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा. नाही झालं तर पुनर्नोंदणी करून आणखी दोन. स्त्रियांना त्यावर आणखी दोन, म्हणजे एकूण दहापर्यंत. बाळंतपण आणि मूल सांभाळण्यासाठी पूर्ण काळात २४० दिवसांची रजा. आणि एक कलम तर मी भाईजानना दोनदा वाचून दाखवलं. लग्नामुळे किंवा दुसऱ्या कारणाने मुलीला गाव बदलावं लागलं, तर तिचं संशोधन ती दुसऱ्या विद्यापीठात घेऊन जाऊ शकते. दुसरीकडच्या अटी पाळायच्या आणि आधीच्या विद्यापीठाला, गाइडला त्यांचं श्रेय द्यायचं. भाईजान म्हणाले, "ये लिखा हुआ है? सच्ची?" मी कागद पुढे केला.

हैदराबादच्या लोकांना आम्ही हे सगळं सांगितलं. त्यांनी अदबीने ऐकलं, चहा घेतला आणि आठ दिवसांनी कळवलं की त्यांना थांबणं जमणार नाही. तो रिश्ता गेला. भाभी महिनाभर माझ्याशी नीट बोलल्या नाहीत, आणि त्यांचा राग मला समजतो. मुलीचं वय मोजणारी आईच असते, पाहुण्यांची उत्तरं तिलाच द्यावी लागतात. मी इथे असं लिहिणार नाही की पीएच.डी.ची किंमत काही नाही. आहे. यूजीसीच्या कलमाने घरातला स्वयंपाक होत नाही, आणि दहा वर्षांची मुभा असणं म्हणजे रोज सलग चार तास मिळणं नव्हे. संशोधनाला तुकड्यातुकड्यांतला वेळ पुरत नाही, असं भाची सांगते. दार दर पंधरा मिनिटांनी वाजलं तर प्रोग्राम कसाबसा लिहून होईल, विचार पुढे जात नाही. सासरच्यांना आधी विचारायचं ते हे. "शिकू द्याल का?" याला सगळे हो म्हणतात. "संध्याकाळचे चार तास कुणी तिला हाक मारणार नाही ना?" असं विचारून बघा.

वयाचं आणि पोशाखाचंही विचारतात, म्हणून एक नाव सांगते. अमेरिकेत संगणकशास्त्राच्या पहिल्या दोन पीएच.डी. जून १९६५ मध्ये दिल्या गेल्या. त्यातली एक विस्कॉन्सिन विद्यापीठाने मेरी केनेथ केलर यांना दिली. त्या कॅथलिक जोगीण होत्या, जन्म १९१३ चा, म्हणजे पदवी मिळाली तेव्हा वय ५१. पुढे आयोवातल्या क्लार्क कॉलेजात त्यांनी संगणकाचा विभाग सुरू केला आणि वीस वर्षं चालवला. लेकुरवाळ्या विद्यार्थिनींना बाळाला घेऊन वर्गात या म्हणायच्या. डोक्यावरच्या कपड्याने या विषयात कुणाचं अडत नाही, हे त्यांच्याकडे बघून सांगता येतं.

माझ्या वयाच्या शिक्षिका विचारतात, नोकरी सांभाळून होईल का? अर्धवेळ पीएच.डी.ला परवानगी आहे, संस्थेचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. पण दूरस्थ किंवा ऑनलाइन पीएच.डी. मान्य नाही. परदेशी विद्यापीठाच्या नावाने कंपन्या ज्या ऑनलाइन पदव्या विकतात, त्यांबद्दल यूजीसीने २०२२ च्या ऑक्टोबरमध्येच सावध केलं होतं. जानेवारी २०२५ मध्ये तर नियम न पाळल्याबद्दल राजस्थानातल्या तीन विद्यापीठांना पाच वर्षं पीएच.डी. प्रवेश द्यायला मनाई झाली. "एक लाख भरा, दोन वर्षांत डॉक्टर" असा मेसेज माझ्या फोनवर आजही येतो. आणि उचलेगिरीचं: प्रबंधातलं १० टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं, त्यापुढे सुधारून द्यावं लागतं, ४० च्या वर वर्षभर बंदी, ६० च्या वर नोंदणीच रद्द.

शेवटी प्रबंध दोन बाहेरच्या परीक्षकांकडे जातो, शक्य असेल तर एक परदेशातला. त्यांनी होकार दिला की खुली तोंडी परीक्षा. विभागातलं कुणीही येऊन बसतं आणि प्रश्न विचारतं. हे सगळं प्रबंध दिल्यापासून सहा महिन्यांत व्हावं असा नियम. मग प्रबंध 'शोधगंगा'वर कुणालाही वाचायला ठेवतात. अर्ज करायच्या आधी तिथे जाऊन आपल्या विषयातले दोन-चार प्रबंध चाळावेत. पाच वर्षांनी काय हातात येतं ते दिसतं.

पुढे काय, तर कॉलेजात असिस्टंट प्रोफेसर, कंपन्यांच्या संशोधन विभागात काम, किंवा परदेशात आणखी संशोधन. नुसतं कॉलेजात शिकवायचं असेल तर २०२३ पासून नेट किंवा सेट पुरते, पीएच.डी. सक्तीची नाही. ज्याला फक्त नोकरी हवी आहे त्याने हा रस्ता धरू नये, असं माझं मत. भाचीच्या वर्गातल्या मुली कंपन्यांत तिच्या दुप्पट कमावतात, हे भाईजानना माहीत आहे. एकदा बोलून दाखवलं, नंतर नाही.

ती आता तिसऱ्या वर्षात आहे. सध्या यंत्राची उत्तरं तपासायला माणसांनी वाचलेला खात्रीचा मजकूर हवा आहे, आणि एकाच ओळी दोघांनी वेगवेगळ्या वाचायच्या असतात. दोघांचं किती जुळतं ते मोजतात, जुळलं नाही तर त्या ओळीवर बसून चर्चा. एक वाचणारी मी, दुसरी आमच्या शाळेतल्या उर्दूच्या निवृत्त बाई. ओळी नानांच्या पत्रांतल्या आहेत, ती पेटी भाभींनीच माळ्यावरून काढून दिली. पहिल्या तीनशे ओळींत आमचं एकवीस ठिकाणी जुळलं नाही. त्यातली तेरा ठिकाणं 'इस' आणि 'उस'ची आहेत, आणि चार ठिकाणी बाई म्हणतात की नानांनीच घाईत नुक्ता सोडला आहे. पुढची पत्रं रविवारी घ्यायची ठरली आहेत.